वर्षाला साडेतीन हजार भरून मासे सोडायला शिकवणारा क्लब

आधीच सांगून टाकते, घरी मासा येईल या आशेनं जॉइन होणार असाल तर पैसे वाचवा आणि पहाटे पाचला भाऊच्या धक्क्यावर जा. तिथे गॅरंटी आहे, इथे नाही. मी दीड वर्ष या फ्लाय फिशिंगवाल्यांच्या क्लबात आहे, एवढ्या काळात माझ्या गळाला लागलेले मासे दोन हातांच्या बोटांवर मोजून वर दोन्ही अंगठे शिल्लक राहतात आणि त्यातला एकही आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलेला नाही. तरी पाचपैकी साडेतीन देतेय. का ते वाचा, लांबलंय जरा.

क्लबचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली दोनचार गोष्टी टोचणाऱ्या आहेत आणि ही माणसं मला दर रविवारी भेटतात. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच, मुंबईत असं वेड घेऊन फिरणारे आहेत किती.

मी मूळची रेवदंड्याची, लग्नानंतर भांडुप. आमचे बाबा कुंडलिकेच्या खाडीवर गरी टाकायला बसायचे, अजूनही बसतात. सामान काय तर एका लाकडी फळकुटाला गुंडाळलेलं तंगूस (नायलॉनचा दोरा), खाली शिशाचा गोळा, गळाला कोलंबी, संपलं. तंगूस बोटावर धरून बसायचं आणि ओढ लागली की खेचायचं. त्यामुळे ऑफिसातला एक मुलगा जेव्हा म्हणाला की मॅडम आमचा मासेमारीचा क्लब आहे, वर्षाला साडेतीन हजार, तेव्हा मी हसलेच. मासे धरायला फी? आणि धरून परत सोडायचे? पण त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, त्यात एक माणूस पाण्यात गुडघाभर उभा आणि त्याच्या डोक्यावरून ती पिवळी दोरी मागे जातेय, पुढे येतेय, हवेत तिचा असा लांबट फास होतोय आणि उलगडतोय, आवाज नाही काही नाही. ते बघून मी गप्प झाले. पुढच्या रविवारी शिवाजी पार्कला हजर.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या गळाला शिशाचं वजन असतं, ते वजन लांब जातं आणि त्याच्यामागून दोरी जाते. इथे सगळं उलटं. फ्लाय म्हणजे गळावर दोरा, पिसं, केस बांधून केलेला खोटा किडा नाहीतर खोटी मासोळी, तिला जवळजवळ वजनच नसतं, नुसती फेकली तर पायाशी पडेल. म्हणून वजन दोरीत घातलेलं असतं. लाइनला नंबर असतात, ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात आणि खाडी-समुद्राकडे वापरतात त्या ८ नंबरचे साडेतेरा ग्रॅम. नऊ फुटी रॉड या दोरीच्या वजनानं वाकतो आणि सरळ होताना तिला पुढे ढकलतो, फ्लाय बिचारी शेपटीसारखी मागून जाते. नऊ ग्रॅम म्हणजे काय हो, दोन चमचे साखर. तेवढ्यावर सगळा खेळ.

आता मैदानातला रविवार. हा या क्लबचा सगळ्यात चांगला भाग आहे माझ्या मते, आणि नवीन माणसाला वाटतं तसा अजिबात बोअर नाही. गळ लावत नाहीत, टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधतात, त्यामुळे कोणाच्या डोळ्यात जायची भीती नाही. गवतावर ३० फुटांवर एक सायकलची जुनी ट्यूब गोल ठेवायची आणि त्यात लोकर पाडायची. ऐकायला सोप्पं. ओली साडी वाळत घालायच्या आधी आपण झटकतो ना, तशी मी पहिल्या दिवशी झटकत होते आणि मागून चाबकासारखा फट्ट आवाज येत होता. शिकवणारे काका दहा मिनिटं शांतपणे बघत होते, मग म्हणाले, "ताई, दोरी मागे सरळ तरी होऊ द्या की, घाई तिला नाहीये, तुम्हाला आहे." मग त्यांची ती पद्धत, मागे सोडलं की मनात 'वडापाव' म्हणायचं आणि मगच पुढे. दोरी जास्त सोडली की 'मिसळपाव, तर्री जास्त' म्हणायचं. हसू नका, याच्याहून चांगलं मला कोणी शिकवलेलं नाही. दुसरी चूक मनगटाची, सगळ्यांचं मनगट मागे ढिलं पडतं आणि दोरी गवतात बसते, तर पुरुष मंडळी रॉडचं बूड शर्टाच्या बाहीच्या कफात खोचतात म्हणजे मनगट वाकतच नाही. माझ्या कुर्त्याला कफ कुठला, मी केसांचं रबरबँड मनगट आणि बूड मिळून घातलं. आता क्लबच्या पिशवीत माझी चार रबरबँड कायमची आहेत, टक्कल पडलेले लोकही वापरतात.

बाकी शिवाजी पार्क ते शिवाजी पार्क. आमच्या मागे टेनिस बॉलवाल्या पोरांचं लाँग ऑन, त्यांचा बॉल आमच्या दोरीत आणि आमची दोरी त्यांच्या स्टंपात, "ओ आंटी, दोरी!" हे सकाळभर चालू. वारा सुटला की ती लाल माती उडते ती थेट रीलमध्ये. फेऱ्या मारणाऱ्या एका आजींनी मला विचारलं, "हे कबुतरं हाकलायचं काढलंय का काही नवीन?" मी हो म्हणाले, समजावत कोण बसणार. तीन महिने लागले मला ३५ फुटांपर्यंत यायला. पण ज्या दिवशी ती दोरी पहिल्यांदा पूर्ण उलगडली आणि लोकर गवतावर अशी टेकली, पडली नाही, टेकली, त्या दिवशी मी कँटीनमध्ये सगळ्यांना कोथिंबीर वडी खाऊ घातली.

आणि काकांबद्दल थोडं, कारण क्लब म्हणजे निम्मा तेच आहेत. परळच्या एका गिरणीत फिटर होते, अगदी पोरसवदा वयात लागले आणि १९८२ चा संप आला, मग पुढे लेथवर, गॅरेजात, काय काय केलं. फ्लाय बांधायला गळ घट्ट धरणारं एक छोटं हत्यार लागतं, त्याला वाइस म्हणतात, चांगलं बाहेरचं घ्यायचं तर हजारोंत जातं. यांनी जुन्या ड्रिल मशीनच्या चकपासून स्वतः केलंय आणि क्लबसाठी अजून सहा करून दिलेत, फुकट. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी माहीमला एका सभासदांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये फ्लाय बांधायला बसतात ते या सहा वाइसवर. बसायला लग्नाच्या प्लास्टिक खुर्च्या, वर पंखा, पण पंखा लावायचा नाही, पिसं उडतात. जून महिन्यात त्या हॉलमध्ये पंख्याशिवाय दोन तास बसून दाखवा.

सामान सगळं आपल्याच गल्ल्यांतलं. चमक हवी तर भुलेश्वरची जर, वरून चिकटवायला नेलपॉलिश, मानेची पिसं चिकनवाल्याकडून मागून आणायची आणि शांपूनं धुवायची (आमच्या घरी बाथरूममध्ये कोंबड्याची पिसं वाळत होती तेव्हा नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही). मला गंमत याची वाटली की आपल्याकडच्या कोंबड्यांच्या मानेची पिसं परदेशात फ्लाय बांधणाऱ्यांकडे कित्येक वर्षं जातायत आणि इथे आपल्याला चिकनवाला म्हणतो काय करणार मॅडम, देवऋषीपण का. सगळ्यात भारी आयडिया डोळ्यांची. क्लाउझर नावाची एक फ्लाय आहे, अमेरिकेतल्या बॉब क्लाउझरनं काढलेली, तिचे डोळे जड असतात आणि गळाच्या दांडीवर अशा बाजूला बांधतात की पाण्यात गेल्यावर फ्लाय उलटी होते, गळाचं टोक वर राहतं आणि दगडाकपारीत अडकत नाही. त्या डोळ्यांसाठी काका वॉश बेसिनच्या बुचाची साखळी घेतात, ती मणी मणी असलेली, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पक्कडीनं दोन मणी तोडले की दोन डोळे. शेवटची गाठ मला येतच नव्हती, दोरा सारखा सुटायचा, मग एक दिवस दादरला स्टेशनबाहेर गजरेवालीकडे बघत उभी राहिले, ती बोटावर फास घेऊन कळ्या कशी आवळते ते, आणि शनिवारी जाऊन तसंच केलं. बसली गाठ. काका म्हणाले, "कुठे शिकलात?" म्हटलं, दहा रुपयांचा गजरा घेतला.

आता कटकटी.

एक, वेळ. ६.३० म्हणजे ६.३०, असा मेसेज येतो आणि चावीवाले कमिटी मेंबर स्वतः साडेसातला येतात. मी भांडुपहून पहिल्या पहिल्या गाडीनं येऊन रॉडच्या कपाटाबाहेर उभी. परत जाताना मेगाब्लॉक, म्हणजे उशिरा सुरू केलं की माझं घरी पोचणं दुपारवर जातं. वर सकाळचा वारा पडलेला असतो तोच तर कास्टिंगचा, म्हणजे दोरी फेकण्याचा टाइम, दुपारकडे समुद्रावरचा वारा सुटला की नवीन माणसाची दोरी तोंडावरच येते. हे त्यांनीच मला शिकवलं आणि तेच साडेसातला येतात.

दोन, क्लबचे रॉड. सात आहेत, त्यातले धड चार. खाऱ्या पाण्यातून आणल्यावर रॉड-रील गोड्या पाण्यानं धुवायचं एवढाच नियम आहे, भिंतीवर लिहिलेलाय, पण कोण धुतंय, स्वतःचं सामान लोक बाळासारखं पुसतात आणि क्लबचं तसंच पिशवीत. माझ्या हातात पहिल्यांदा जे रील आलं त्याचा दांडा मिठानं असा धरलेला की फिरवायला दुसऱ्याला बोलवावं लागलं. साडेतीन हजारात रॉड वापरायला मिळतात असं सांगतात तेव्हा हे सांगत नाहीत.

तीन, पैसे. साडेतीन हजार ही नुसती सभासद फी. सहलीचे वेगळे, आणि ते सहलीनंतर कळतात. कर्जतच्या शेततळ्याच्या ट्रिपला आधी आठशे म्हणाले, मग जीपचे अडीचशे, मग तळेवाल्याचे दोनशे, जेवण वेगळं. मी काही कंजूस नाही पण हिशोब आधी द्या की बाबांनो.

चार, सामानाच्या गप्पा. एक ग्रुप आहे पाचसहा जणांचा, हे लोक मासे कमी आणि बॉक्स जास्त उघडतात. कुठला रॉड, कुठलं रील, कोण दुबईहून येतोय. माझ्या क्लबच्या रॉडकडे बघून एकानं "बिगिनर्ससाठी ठीक आहे" असं म्हटलं त्याला आता वर्ष झालं, मी विसरलेले नाही.

पाच, हे बायकांनी वाचा. २६ सभासदांत आम्ही तिघी. वागायला सगळे चांगले आहेत, कधी कोणी वाकडं बोललं नाही, पण सहलीची जागा ठरवताना टॉयलेटचा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही. पहिल्या मनोरीच्या ट्रिपला आम्ही तिघी खाडीवरून चालत गावात गेलो, एका घरी विनंती केली, त्या घरच्या मावशींनी चहापण दिला. त्यानंतर आम्ही कमिटीला सरळ सांगितलं की जागेसोबत हेही लिहून पाठवायचं, आता पाठवतात. सांगावं लागतं एवढंच.

कर्जतचं फार सांगत नाही. शेततळं, त्यात चिलापी, पट्टीचे खाणारे मासे, फ्लाय पडली की येतात. शिकायला उत्तम, माझे पहिले पाच मासे तिथलेच. पण तिथेच माझ्या बॅककास्टनं, म्हणजे मागे फेकलेल्या दोरीनं, मागे उभ्या असलेल्या त्या बॉक्सवाल्या ग्रुपमधल्याच एकाच्या कानाची पाळी पकडली. गळ आरपार. मी रॉड टाकून ओरडले, तो बिचारा शांत, काका आले, म्हणाले "टोक दाबलेलंय ना?" म्हटलं हो. क्लबचा नियमच आहे, गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करायचा, कारण मासा सोडताना जखम कमी होते, मला तो नियम आधी फॅन्सी वाटायचा. काकांनी गळ आला तसाच मागे काढला, दोन सेकंद, रक्ताचा एक थेंब. बाबांच्या गरीचा गळ असता तर कर्जतचा डॉक्टर शोधत फिरलो असतो. त्याला मी परतीच्या वाटेवर वडे खाऊ घातले. रॉडबद्दल तो आता काही बोलत नाही. टोपी आणि गॉगल सक्तीचा आहे, तो का ते त्या दिवशी कळलं.

मनोरीचं मात्र सविस्तर सांगते.

मालाडहून मार्वे, मार्वेहून फेरीबोटीनं पलीकडे मनोरी, पाच मिनिटांची खाडी पण पलीकडे गेलं की मुंबई संपल्यासारखं वाटतं. पहिल्या ट्रिपची तारीख कमिटीनं ठरवली ती सगळ्यांचा रविवार मोकळा बघून. गेलो, आठला पोचलो, तर पाणी आळसावलेलं, हळूहळू मागे सरकतंय, समोर नुसता चिखल आणि त्यात निवट्या उड्या मारतायत. चार तास फेकून सगळ्यांचे खांदे गेले, एकाला काही नाही. किनाऱ्यावर जाळं सांधत बसलेले एक आजोबा बराच वेळ आमच्याकडे बघत होते, शेवटी मला म्हणाले, "काय गो बाय, कवाधरनं हवेतच फिरवतेस, पान्यात कवा टाकनार?" मी म्हटलं आजोबा टाकतेय हो, काही येत नाही. तर म्हणाले, "येल कसा, भांग हाय आज."

आणि माझी मलाच लाज वाटली. अहो, हे मला माहीत असायला हवं होतं. बाबांनी लहानपणी पाठ करून घेतलेलं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती भरून जाते आणि आम्ही आठला पोचलो, वर अष्टमी म्हणजे भांग, पाण्याची चढउतारच कमी. अमावस्या-पुनवेला उधाण, तेव्हा मुंबईत साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं, तेव्हा खडकावर उभं राहायचा शहाणपणा करायचा नाही. घरी आल्यावर कालनिर्णय काढून बसले. ग्रुपवर टाकलं की पुढची ट्रिप द्वादशीच्या आसपासच्या रविवारी धरा, बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे आपण साडेसहाला पोचलो तर अडीच तास चढतं पाणी मिळेल. बॉक्सवाल्या ग्रुपनं लगेच मोबाईल ॲप काढून चेक केलं. वीसेक मिनिटांचा फरक. त्यावर कोणी काही बोललं नाही पण तेव्हापासून तारीख ठरवायच्या आधी काका मला फोन करतात, "ताई, तिथी काय?" क्लबातलं माझं पद तेच आहे समजा.

द्वादशीला गेलो. खारफुटीच्या कडेनं पाणी आत शिरत होतं, गढूळ पण हलतं. मी काकांनी बांधलेली पांढरी क्लाउझर लावलेली, बेसिनच्या साखळीचे डोळे. पंधराएक वेळा टाकली असेल, काहीच नाही, मग मुळांच्या अगदी लगत एक पडली, चुकूनच, मी तिथे टाकत नव्हते, आणि दोन खेचा घेतल्या तोच दोरी थांबली. अडकली असं वाटलं. मग दोरीच उलट निघाली. बाबांच्या तंगुसावर मासा लागला की बोट कापतं, इथे नऊ फुटांचा रॉड मुठीपर्यंत वाकतो आणि ती धडपड कोपरापर्यंत येते, माझे पाय चिखलात, चप्पल एक आतच राहिली ती आजतागायत तिथेच आहे. बाहेर आला तो जिताडा. माझ्या वितीपेक्षा चार बोटं मोठा, पाठ हिरवट करडी, डोळा असा लालसर चमकणारा.

आता अलिबाग-पेणकडच्या माणसाला जिताडा म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्याकडे जावई पहिल्यांदा येणार असला की आठवडाभर आधी खारजमिनीतल्या तळेवाल्याकडे निरोप जातो. माझ्या नवऱ्याला पहिल्या भेटीत जिताडाच होता पानात, तो अजून त्याबद्दल बोलतो. आणि मी हातात जिताडा धरून उभी आणि काका मागून म्हणतायत, हात ओला आहे ना, कल्ल्यात बोट घालू नका, पाण्यातच धरा. जिताडा जन्मतः नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे हे पिल्लू आज काढलं तर अंडी घालणारी मादी कधी होणारच नाही, हे सगळं त्यांनी आम्हाला हॉलमध्ये सांगितलेलं, तेव्हा मी मान डोलावली होती. हॉलमध्ये मान डोलवायला काय जातं. खरं सांगते, पाचसात सेकंद मी पिशवीकडे बघितलं. मग गळ काढला, पाण्यात धरला, शेपटीनं एक फटका मारून माझ्या तोंडावर चिखल उडवून गेला.

बाबांना तिथूनच फोन केला. "जिताडा लागला," म्हटलं. "किती?" सांगितलं. "मग आज बेत काय?" म्हटलं, सोडला. पलीकडून इतका वेळ आवाज नाही की मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "लहान होता म्हणतेस ना... बरं केलंस." आणि जरा थांबून, "तुझ्या आईला नको सांगू."

परत येताना मालाडच्या बाजारातून मांदेली घेतली शंभरची. हे मी नेहमीच करते. सासूबाईंना मासे सोडायचं प्रकरण माहीत आहे, त्यांचं म्हणणं, "पहाटे उठून मासे सोडायला जायचं आणि येताना विकत आणायचे, याला दोन गाड्यांचं तिकीट कशाला?" उत्तर नाही माझ्याकडे. फक्त श्रावणात त्या क्लबवर खूश असतात, पकडलं पण खाल्लं नाही, पुण्य लागतं म्हणे.

पावसाळ्यात तसंही सगळं थंड असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, आमचा क्लब बोटीवर जात नाही पण खवळलेल्या समुद्राजवळ त्या दिवसांत कोणी नेतही नाही, ते योग्यच आहे. मग फ्लाय बांधणं, आणि महिन्यातून एकदा किनाऱ्यावरची सफाई. हे मी जाहिरातीसारखं सांगत नाहीये, कंटाळवाणं काम आहे, वाळूत आणि खारफुटीच्या मुळांत अडकलेलं तुटकं तंगूस आणि जाळ्याचे तुकडे कापून काढायचे, हाताला कालवं लागतात, ग्लोव्ह्ज न्या. एकदा तंगुसात पाय गुरफटलेला बगळा सोडवला, त्यानं काकांच्या अंगठ्याचं रक्त काढलं आणि उडाला. ज्या दिवशी सफाई असते त्या दिवशी मात्र हजेरी निम्मी, बॉक्सवाला ग्रुप तर दिसतच नाही, अपवाद तो कानवाला. तो येतो.

लोक विचारतात म्हणून, पवईला नेत नाहीत. १८९१ चा तलाव, तिथे गळ टाकणाऱ्यांची वेगळी जुनी संस्था आहे, आणि पाण्यात मगरी आहेत, आपला प्रकार पाण्यात पाय टाकून करायचा, तेव्हा नकोच. ऐरोली-ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून आहे, तिथेही जात नाहीत. ट्राउटसाठी हिमाचलला तीर्थन खोऱ्यात वर्षाआड एक ट्रिप जाते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउट धरायला बंदी असते म्हणून एप्रिल-मेमध्ये, मी गेले नाही, खर्च ऐकून खाली बसले.

कोणी जॉइन व्हावं? ज्याला रविवारी पहाटे उठवतं, आणि रिकाम्या हातानं आल्यावर घरच्यांचं ऐकून घ्यायची तयारी आहे. पहिले सहा महिने स्वतःचा रॉड अजिबात घेऊ नका, बॉक्सवाले कितीही सांगोत. मी एका दुकानातून ऑनलाइन स्वस्तात लाइन मागवली, ५ नंबर म्हणून आलेली दोरी काकांनी हातात घेऊन सांगितलं ही ५ नाहीच, काट्यावर टाकली तर खरंच नव्हती, परत करायला दोन महिने गेले. चार फेऱ्या क्लबचेच रॉड वापरून बघा, फक्त धुऊन घ्या आधी. लहान मुलांना घेत नाहीत, १४ च्या पुढे. पाहुणा आणता येतो, तीनशे रुपये.

माझी फी परवाच परत भरली. पुढच्या द्वादशीच्या रविवारी बाबा येतायत रेवदंड्याहून, पाहुणा म्हणून. रॉड देतो म्हटलं तर नको म्हणाले, स्वतःची फळी आणि तंगूस घेऊन येणार आहेत. फ्लायच्या क्लबात ते चालेल का यावर कमिटीत गेला आठवडाभर चर्चा चालू आहे.